टॅम्पाला जाऊन हरून आलो

३१ मार्चच्या रात्री मिनियापोलिसमध्ये पुन्हा बर्फ पडला. भुरभुरणारा नव्हे, ओला, जड, फावडं मारताना कंबर धरायला लावणारा. त्या हिवाळ्यात आमच्याकडे एकूण ९० इंच बर्फ झाला. पुण्याहून आलेले बाबा रोज सकाळी खिडकीत उभे राहून फक्त "अजून आहेच का?" एवढं विचारायचे. त्यामुळे "फ्लोरिडाला येता का?" असं विचारलं तेव्हा त्यांनी कशाला, हे विचारलंच नाही. आई नातीपाशी थांबली. बर्फावरची हॉकी बघायला चाललोय, हे बाबांना विमानतळावर कळलं, कारण तिथे अर्धी रांग मरून आणि सोनेरी जर्सीतली होती.

"म्हणजे बर्फातनं निघून बर्फच बघायला?"

हो, तसंच. अमेरिकन कॉलेज आइस हॉकीच्या शेवटच्या टप्प्याला फ्रोझन फोर म्हणतात. १६ संघांतून उरलेले चार एका शहरात येतात, गुरुवारी उपांत्य सामने, शनिवारी अंतिम. २०२३ साली ते शहर होतं टॅम्पा. आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाने फार्गोमध्ये कॅनिशियसला ९-२ आणि सेंट क्लाउड स्टेटला ४-१ हरवून जागा मिळवली होती. मी इथे एमएस करायला आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून मारियुची अरीनात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हॉकी स्टेडियममध्ये शिरलो (आत बर्फ आहे हे ध्यानात नव्हतं), तो अजून बाहेर पडलेलो नाही. पाच विजेतेपदं आहेत आमची, पण शेवटचं २००३ चं. म्हणजे तोवर वीस वर्षं आम्ही "या वर्षी नक्की" म्हणत होतो.

आता बाबांबद्दल. ते खडकीचे. खडकीत पोरं चालायला लागली की हातात स्टिक येते. धनराज पिल्ले तिथलाच. बाबा सत्तरच्या दशकात फॅक्टरीच्या टीममध्ये लेफ्ट हाफ खेळायचे, मातीवर. बर्फावरच्या हॉकीला ते हॉकी मानत नव्हते. "चकती असती ती. बॉल कुठाय?"

बुधवार, ५ एप्रिल

विमान उशिरा सुटलं, गाडी मिळायला तास गेला, सोडा ते. टॅम्पाला उतरून काचेचं दार उघडलं आणि अंगावर मे महिन्यातलं पुणं आलं. बाबांनी तिथेच पार्किंगमध्ये थर्मलचा वरचा भाग काढला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. "आईला सांगू नको. म्हणेल मला का नाही नेलं."

संध्याकाळी नदीकाठच्या रिव्हरवॉकवर चक्कर मारली. पलीकडच्या काठावर युनिव्हर्सिटी ऑफ टॅम्पाची इमारत आहे, चंदेरी मिनार असलेली. १८९१ साली ते हॉटेल म्हणून बांधलं होतं. बाबा म्हणाले, "दर्गा आहे काय रे?" शेजारून चाललेल्या मिशिगनच्या पोरांनी आमच्या जर्सीकडे बघून काहीतरी टोमणा मारला. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी आमच्याच मैदानात येऊन बिग टेनची, म्हणजे आम्ही दोघं ज्या गटात खेळतो त्याची, फायनल ४-३ ने मारली होती, तेव्हा त्यांना तो हक्क होता.

जाणाऱ्यांसाठी एक: डाउनटाउनमध्ये गाडी नेऊ नका. यबोर सिटीपासून अरीनापर्यंत ट्राम आहे, फुकट. पिवळी, लाकडी बाकांची, जुन्या धाटणीची. गाडी हॉटेलवर ठेवायची आणि ट्रामने जायचं. आम्ही हे पहिल्याच दिवशी पार्किंगचे पैसे भरून शिकलो.

गुरुवार, ६ एप्रिल

पाचची मॅच, बॉस्टन युनिव्हर्सिटीशी. बाहेर लोक चड्डी, चपला आणि हॉकी जर्सी अशा अवतारात फिरत होते. अरीनाच्या पटांगणात बँड वाजत होता आणि आमचा गोल्डी गोफर, म्हणजे खारीच्या जातीचा मोठ्या दातांचा मॅस्कॉट, मुंडकं गरागरा फिरवत होता. "स्काय-यू-माह!" अशी आमची आरोळी आहे. बाबांनी अर्थ विचारला. मला पंधरा वर्षांत नीट सांगता आलेला नाही, तेव्हाही आला नाही.

तिथेच त्या बाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरे केस, गळ्यात स्वतः विणलेला मरून-सोनेरी मफलर, तिशीच्या तापमानात. रोझोच्या. रोझो म्हणजे मिनेसोटाच्या अगदी वरच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळचं गाव, तिथे हॉकीशिवाय काही नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे त्यांची खडकीच. १९७४ चं पहिलं विजेतेपद त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. बाबांनी पिशवीतून भाकरवडी काढून पुढे केली. त्यांनी एक खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, मग दुसरी मागितली. आत गेल्यावर कळलं की खुर्च्याही शेजारीशेजारी. बाबा मध्ये बसले.

आत शिरताना जॅकेट न्या. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. बाहेर घाम आणि आत दात वाजतात. बाबांनी पिशवीतलं थर्मल परत काढलं.

पहिला फेस-ऑफ झाला, म्हणजे दोन खेळाडू समोरासमोर वाकले, पंचाने मध्ये पक, म्हणजे बाबांची ती चकती, टाकला, आणि बाबा एकदम पुढे सरकले.

"अरे, ही तर बुली!"

आमच्या पिढीला हे माहीत नाही. जुन्या हॉकीत मॅच बुलीने सुरू व्हायची. दोघं समोरासमोर, स्टिक जमिनीवर आपटायची, मग एकमेकांच्या स्टिकवर, आणि मग बॉलसाठी झटापट. १९८१ मध्ये सुरुवातीची बुली गेली आणि सरळ पास आला. थोड्या वेळाने निळ्या रेषेवर ऑफसाइडची शिट्टी वाजली आणि मी समजावायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "कळलं, कळलं. आमच्याकडे होता ऑफसाइड. नंतर काढला." तोही नव्वदीच्या दशकात काढला. त्यांच्या खेळातून गेलेल्या दोन गोष्टी त्यांना फ्लोरिडात, बर्फावर सापडल्या. त्यानंतर त्यांनी चकती हा शब्द वापरला नाही. बॉलच म्हणत राहिले.

आम्ही ६-२ ने जिंकलो. आकडा एकतर्फी दिसतो, पण बराच वेळ तसं नव्हतं. लूक मिटेलस्टॅटने दोन गोल केले. हा डिफेन्समधला, पहिल्या वर्षाचा पोरगा. दोन लोगन कूलीचे. कूली वळतो कसा, हे बाबांनी मला तीनदा हाताने करून दाखवलं. "कंबर बघ त्याची. खांद्यानं एकीकडं सांगतो आणि कंबर दुसरीकडं."

रात्रीच्या दुसऱ्या सामन्यात क्विनिपिअ‍ॅकने मिशिगनला ५-२ ने हरवलं. आम्ही सगळे मरूनवाले उभं राहून टाळ्या वाजवत होतो. कनेटिकटमधल्या या युनिव्हर्सिटीचं नाव मी तोवर निवडणुकीच्या पाहण्यांमध्येच जास्त वाचलं होतं. मिशिगन टळलं, आता काय, असंच सगळ्यांच्या तोंडावर होतं. बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. मफलरचा एक धागा सुटला होता, तो आत खोचत बसल्या होत्या. "दे डोन्ट गिव्ह यू द पक," एवढंच म्हणाल्या. बाबांना मी भाषांतर करून सांगायला लागलो तर म्हणाले, "बघितलं मी. चिवट आहेत."

दुसरी गोष्ट, पैशाची: गुरुवारी रात्री हरलेल्या दोन संघांचे लोक शनिवारची तिकिटं विकून घरी जातात. फायनलच बघायची असेल तर तेव्हा घ्या, आधी महाग घेऊ नका.

शुक्रवार, ७ एप्रिल

सुट्टीचा दिवस. गुड फ्रायडे. ट्रामने यबोर सिटीत गेलो, आणि प्रवासातला मला सर्वांत आवडलेला दिवस हाच.

यबोर म्हणजे सिगारचं गाव. १८८६ पासून इथे क्यूबन, स्पॅनिश, इटालियन कामगार येऊन सिगार वळायचे. सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर विटांच्या इमारती, लोखंडी जाळीचे सज्जे, आणि रस्त्यात कोंबड्या. खऱ्या कोंबड्या. पिल्लं घेऊन फुटपाथवरून चालतात, गाड्या थांबतात, शहराच्या नियमाने त्यांना हात लावता येत नाही. बाबा एका कोंबड्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "रस्सा चांगला झाला असता."

एका दुकानाच्या काचेआड एक म्हातारा सिगार वळत होता. बाबा थांबले ते हलेनात. आमचं मूळ निपाणीकडचं, तंबाखूचा मुलूख. बाबांची आत्या आयुष्यभर विड्या वळायची. म्हाताऱ्याने पान ओलसर फडक्यातून काढलं, लाकडी फळीवर पसरलं, मधली शीर एका ओढीत सोलून काढली, अर्धचंद्राच्या पात्याने कड कापली आणि तिरकं गुंडाळत नेलं. टोकाशी कसला तरी चिकट पदार्थ बोटाने लावला. हे सगळं एका मिनिटात. बाबांनी काचेतून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी विडी वळल्यासारखं केलं. म्हातारा हसला आणि त्यानेही तसंच करून दाखवलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

आत भिंतीवर जुना फोटो होता. शेकडो कामगार रांगांनी बसलेत आणि मध्ये उंच चौथऱ्यावर खुर्चीत एक माणूस कागद घेऊन. हा लेक्तोर. दिवसभर काम चालू असताना तो वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा आणि त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी ते बंद केलं, म्हणे डोकी भडकवतात. बाबा म्हणाले, "आत्याला असं कुणी वाचून दाखवलं असतं तर ती आमदार झाली असती."

जेवण: क्यूबन सँडविच खाल्लं. हॅम, भाजलेलं डुक्कर, चीज, लोणच्यातली काकडी, मोहरी, आणि टॅम्पाच्या पद्धतीत सलामीसुद्धा. सलामी घालायची की नाही यावरून मायामी आणि टॅम्पाचं वाजतं, आपल्याकडे मिसळीवरून पुणं-कोल्हापूरचं वाजतं तसं. डेव्हिल क्रॅब नावाचा प्रकार म्हणजे खेकड्याचं मांस पावाच्या आवरणात घालून तळलेला लांबट वडा. बाबांचा निकाल: "चव आहे, तिखट नाही." शाकाहारी असाल तर काळा घेवडा, भात आणि तळलेली पिकली केळी मागा, पण घेवड्यात हॅम नाही ना हे विचारूनच. बऱ्याचदा असतो.

हॉटेलवर परतलो तेव्हा होबी बेकर पुरस्काराची बातमी आली. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात तो. शेवटच्या तिघांत दोन आमचे, कूली आणि मॅथ्यू नाइझ. मिळाला मिशिगनच्या अ‍ॅडम फँटिलीला. बाबांनी विचारलं, "म्हणजे ज्याची टीम घरी गेली त्याला बक्षीस, आणि आपले दोघं फायनलला. चांगलं आहे की." मला तेव्हा हे फार पटलं.

शनिवार, ८ एप्रिल

मॅच रात्री आठची, पण दुपारी चारलाच पटांगण भरलं होतं. मरून इतकं, की निळे-पिवळे क्विनिपिअ‍ॅकवाले शोधावे लागत होते. रोझोच्या बाई आल्या त्या थेट बाबांकडे आणि हात पुढे केला. बाबांनी भाकरवडीचं शेवटचं पाकीट राखून ठेवलं होतं.

पहिला गोल आमचा, जॉन मिटेलस्टॅटचा, गुरुवारच्या लूकचा भाऊ. मॅचचे तीन भाग असतात, त्यांना पिरियड म्हणतात. दुसऱ्या पिरियडच्या सुरुवातीला जॅक्सन नेल्सनने दुसरा केला. दोन-शून्य. माझ्या मागचा एक माणूस फोनवर कुणाला तरी मिरवणूक किती वाजता असेल ते सांगत होता. मग क्विनिपिअ‍ॅकच्या टेलिएने एक परत केला. दोन-एक.

तिसरा पिरियड मला अजून नीट आठवतो, कारण त्यात काहीच झालं नाही. म्हणजे आमच्याकडून. पक आमच्या अर्ध्यातच. मिळाला की भिंतीवर आपटून बाहेर ढकलायचा, दम घ्यायचा, बदली खेळाडू उतरवायचे, आणि तोवर ते परत आत. मॅच संपली तेव्हा गोलवरचे फटके ३०-१५ होते, त्यांचे ३०. आमचा गोलकीपर जस्टिन क्लोज एकेक अडवत होता आणि आमची माणसं प्रत्येक अडवण्यावर ओरडत होती. बाबा ओरडत नव्हते. गुडघ्यांवर कोपरं ठेवून पुढे वाकले होते.

"बसले रे हे."

"बाबा, लीड आहे. वेळ काढतायत."

"वेळ काढत नाहीयेत. बसलेत. हाफलाइन बघ, कुणी पुढं जातच नाही. लेफ्ट हाफ कुठाय?"

आइस हॉकीत लेफ्ट हाफ नसतो, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

तीन-साडेतीन मिनिटं राहिली असतील. क्विनिपिअ‍ॅकने गोलकीपर काढून जास्तीचा खेळाडू उतरवला. त्यांचं गोल मोकळं, आमच्यापैकी कुणीही लांबून ढकलला असता तर संपलं होतं. बाबा पुटपुटले, "पोलंड."

मला कळायला क्षणभर लागला. सिडनी ऑलिंपिक, २०००. पोलंडविरुद्ध भारत एक-शून्यने पुढे, जिंकलं की सेमीफायनल, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडचा गोल. एक-एक. त्या दिवशी मी शाळेतून आलो तर बाबा बंद टीव्हीसमोर बसले होते.

दोन मिनिटं ४७ सेकंद उरली असताना कॉलिन ग्राफने बरोबरी केली. माझ्या मागच्या माणसाने फोन खिशात टाकला.

बरोबरी झाली की ओव्हरटाइम, त्यात पहिला गोल करेल तो जिंकला. त्याच्या आधी मध्यंतर असतं. आणि आता मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी बाथरूमला गेलो. रांग मोठी होती. धावत परत आलो तर आमच्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचारी बाईंनी हात आडवा केला. खेळ सुरू असताना जागेवर जाऊ देत नाहीत, शिट्टी होईपर्यंत थांबायचं, हा नियम सगळीकडे आहे आणि मला पाठ आहे. "जस्ट अ मिनिट, हनी," त्या म्हणाल्या. मिनिट लागलंच नाही. मला समोरच्यांच्या पाठी दिसत होत्या. त्या पाठी एकदम उठल्या, आणि मग माझ्या बाजूच्या सगळ्या खाली बसल्या. आवाज आला तो पलीकडच्या कोपऱ्यातून, जिथे निळे-पिवळे होते.

ओव्हरटाइमचे दहा सेकंद. दोन हजार किलोमीटर गेलो आणि एवढंच बघायचं राहिलं.

जागेवर पोचलो तेव्हा बाई मफलरची घडी घालत होत्या. बाबांशी हात मिळवला, माझ्या दंडावर थोपटलं. "सी यू इन ऑक्टोबर," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. ऑक्टोबरमध्ये पुढचा सीझन सुरू होतो. बर्फावर क्विनिपिअ‍ॅकची पोरं एकमेकांवर ढीग करून पडली होती. त्यांचं हे पहिलंच विजेतेपद, याआधी २०१३ आणि २०१६ मध्ये ते फायनल हरले होते. आम्ही तेवढं थांबून टाळ्या वाजवल्या. गुरुवारीही वाजवल्या होत्या, त्या आता महागात पडल्या.

हॉटेलवर झोप येईना. बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पाकिटात उरलेल्या पाच भाकरवड्या मांडल्या. "हा क्लोज. हे आपले दोन फुलबॅक. ही बुली. बुली त्यांनी जिंकली, बॉल मागं दिला. इथपर्यंत ठीक. आता बघ, बुली झाल्यावर आपली माणसं बॉलकडं बघत उभी. मागच्यानं लांब दिला ह्याला, ह्यानं थांबवलाच नाही, नुसता वळवला, आणि बुली घेतलेला पोरगा," त्यांनी एक भाकरवडी दोघांच्या मधून सरकवली, "क्विलन की काय तो, सरळ मधून. क्लोज एकटा. त्याला काय दोष देणार." मग त्यांनी क्विलन खाऊन टाकला.

"ठरवून केलेलं होतं," ते म्हणाले. "मध्यंतरात कोचनं काढून दिलं असणार. आणि आपण मध्यंतरात काय केलं?"

मी बाथरूमला गेलो होतो.

रविवार, ९ एप्रिल

ईस्टर. खाण्याची बहुतेक ठिकाणं बंद, तेव्हा ईस्टरच्या आठवड्यात जाणाऱ्यांनी सकाळच्या खाण्याची सोय आदल्या रात्रीच करून ठेवा. आम्ही हॉटेलातल्या गार वॉफलवर भागवलं.

विमानतळावर मरून जर्सी सगळ्या होत्या, पण आवाज नव्हता. नाइझने टोरांटोच्या व्यावसायिक संघाशी करार केल्याची बातमी तिथेच फोनवर आली. आमचा कॅप्टन ब्रॉक फेबरही मिनेसोटा वाइल्ड या व्यावसायिक संघाकडे गेला. म्हणजे रात्री हरलेली टीम दुसऱ्या दिवशी उरलीच नाही.

सुरक्षा तपासणीत बाबांची पिशवी बाजूला काढली. आतून थर्मल निघालं, मग आईसाठी घेतलेला समुद्रशिंपल्यांचा डबा, आणि तळाशी एक काळा, जड, गोल पक. शनिवारी दुपारी कधी विकत घेतला, मला पत्ताही नव्हता. तपासणाऱ्या माणसाने तो हातात घेऊन फिरवला, यंत्रात परत एकदा पाठवला, मग माझ्या जर्सीकडे बघितलं आणि बाबांना विचारलं, "मिनेसोटा? व्हॉट हॅपन्ड, सर?"

बाबांनी पक परत घेतला, पिशवीत ठेवला, चेन ओढली.

"टू-झिरो अप," ते म्हणाले. "देन सिटिंग."